नायट्रोजनजन्य गुंगी आणि पाणबुड्यांच्या मेंदूचे कार्य : एक विवेचन

सारांश

वातावरणातील नायट्रोजन म्हणजेच नत्रवायू सामान्य दाबाखाली मानवी शरीरावर कोणताही जाणवण्याजोगा परिणाम करीत नाही. मात्र खोल पाण्यात, वाढलेल्या दाबाखाली, हाच वायू मेंदूवर भुलीच्या औषधासारखा परिणाम करू लागतो. या अवस्थेस नायट्रोजनजन्य गुंगी किंवा नायट्रोजन नार्कोसिस असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या अवस्थेचा इतिहास, तिच्यामागील भौतिक व जैविक कारणे, मेंदूच्या विद्युत क्रियेत व मानसिक कार्यांत होणारे बदल, महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या संदर्भात तिचे महत्त्व आणि प्रतिबंधाचे उपाय यांचा आढावा घेण्यात आला आहे.

बीजशब्द : नत्रवायू, आंशिक दाब, नार्कोसिस, मेंदूचा विद्युत आलेख, पाणबुडे, हेलियम, मुंबई हाय, आंग्रिया बँक.

१. प्रस्तावना

आपण श्वासावाटे जी हवा घेतो तिच्यात सुमारे ७८ टक्के नत्रवायू आणि सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. प्राणवायूचे कार्य शालेय पाठ्यपुस्तकांपासून आपल्या परिचयाचे आहे. नत्रवायूची ओळख मात्र 'श्वासाबरोबर आत जाणारा आणि तसाच बाहेर पडणारा वायू' एवढ्यावरच थांबते. श्वसनक्रियेत तो भाग घेत नाही, शरीरातील पेशींशी त्याची रासायनिक अभिक्रिया होत नाही. म्हणून तो निरुपद्रवी होय, असा आपला समज असतो. जमिनीवर हा समज खराही आहे. पाण्याखाली तीस-चाळीस मीटर खोलीवर संपीडित हवा श्वसनासाठी वापरणाऱ्या पाणबुड्याच्या बाबतीत मात्र तो धोकादायक ठरतो.

परतूरसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणी या विषयाचा विचार का करावा, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची दोन उत्तरे देता येतील. पहिले असे की, शैक्षणिक सहलींच्या निमित्ताने मराठवाड्यातील विद्यार्थी आज मालवण-तारकर्लीला जातात व तेथे प्राथमिक स्वरूपाच्या स्कूबा डायव्हिंगचा अनुभव घेतात. त्यांच्यासोबत जाणाऱ्या प्राध्यापकास या विषयाची मूलभूत माहिती असणे इष्ट आहे. दुसरे उत्तर अधिक व्यापक आहे. भौतिकशास्त्रातील दाबाचे नियम, रसायनशास्त्रातील विद्राव्यता, प्राणिशास्त्रातील चेतापेशींचे कार्य आणि मानसशास्त्रातील निर्णयक्षमता या चारही विषयांचा संगम ज्या एका घटनेत पाहावयास मिळतो, अशी ही घटना आहे. आंतरविद्याशाखीय अध्यापनासाठी यापेक्षा समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल.

२. संकल्पना

नार्कोसिस या संज्ञेचे मूळ गुंगी, बधिरता अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. वाढलेल्या आंशिक दाबाखाली नत्रवायूचे श्वसन केल्याने विचार, निर्णय, स्मृती व हालचालींतील सुसूत्रता यांमध्ये निर्माण होणारी तात्पुरती विकृती म्हणजे नायट्रोजनजन्य गुंगी होय. येथे 'तात्पुरती' हा शब्द महत्त्वाचा आहे. पाणबुडा कमी खोलीवर आला की दाब कमी होतो आणि लक्षणे बहुतांशी अल्पावधीतच ओसरतात.

या अवस्थेची पाणबुड्यांच्या आणखी एका विकाराशी अनेकदा गल्लत केली जाते. खोलीवरून फार वेगाने वर आल्यास ऊतींमध्ये विरघळलेल्या नत्रवायूचे बुडबुडे तयार होतात व सांधेदुखी, अर्धांगवायू यांसारखी लक्षणे उद्भवतात. त्यास विसंपीडन विकार म्हणतात. दोन्हींचे कारण नत्रवायूच असला तरी यंत्रणा भिन्न आहेत. गुंगी खोलीवर असताना येते आणि वर आल्यावर जाते. विसंपीडन विकार वर येताना अथवा आल्यानंतर सुरू होतो. तसेच 'हसविणारा वायू' म्हणून ओळखला जाणारा नायट्रस ऑक्साइड हे एक वेगळे संयुग आहे. त्याचा परिणाम काही अंशी सदृश असल्याने प्रयोगशाळेत गुंगीच्या अभ्यासासाठी त्याचा उपयोग केला गेला आहे; परंतु पाणबुड्याच्या टाकीत तो नसतो.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

संपीडित हवेत माणसाच्या वृत्तीत बदल होतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्षात आली होती. १८३० च्या दशकात फ्रेंच वैद्य जुनो यांनी वाढत्या दाबाखाली कल्पनाशक्ती तरतरीत होते व काही व्यक्तींमध्ये मद्यपानासारखी लक्षणे दिसतात, अशा आशयाचे निरीक्षण नोंदविले. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेअर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वायुदाबविषयक ग्रंथात उच्च दाबाच्या हवेच्या गुंगी आणणाऱ्या परिणामाचा उल्लेख आहे. तथापि या परिणामाचे कारण दीर्घकाळ अज्ञात होते. बंदिस्त जागेची भीती, मानसिक दुर्बलता, हवेतील अशुद्धी अशी विविध स्पष्टीकरणे पुढे आली.

१९३५ मध्ये अमेरिकन नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेंकी आणि त्यांचे सहकारी थॉमसन व मॉटली यांनी या लक्षणांचे कारण नत्रवायूचा वाढलेला आंशिक दाब हेच असल्याचे प्रतिपादन केले. लवकरच या सिद्धान्ताची व्यवहारात कसोटी लागली. २३ मे १९३९ रोजी 'स्क्वालस' ही अमेरिकन पाणबुडी सुमारे ७४ मीटर खोलीवर बुडाली. ३३ जणांची सुटका झाल्यानंतर ती वर काढण्याच्या कामात पाणबुड्यांना हवेऐवजी हेलियम व प्राणवायूचे मिश्रण देण्यात आले आणि त्यांची विचारशक्ती त्या खोलीवरही स्वच्छ राहते, असे दिसून आले.

१९४३ मध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी स्वयंपूर्ण श्वसनयंत्र विकसित केले. त्यामुळे पाणबुडा नळीच्या बंधनातून मुक्त झाला, पण गुंगीच्या तोंडी एकटा सापडण्याचा धोकाही वाढला. कुस्तो यांचे सहकारी मोरिस फार्ग हे सप्टेंबर १९४७ मध्ये हवेवर खोल जाण्याच्या प्रयोगात मृत्युमुखी पडले. सुमारे १२० मीटर खोलीवरील पाटीवर त्यांची सही आढळली. परंतु त्यांना वर ओढून घेतले तेव्हा श्वसनाची नळी तोंडातून सुटलेली होती. या घटनेनंतर हवेवर सुरक्षितपणे काम करण्याच्या मर्यादेबाबत अधिक सावधपणे विचार होऊ लागला.

४. दाब व आंशिक दाब

समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीस दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो. डाल्टनच्या नियमानुसार वायूंच्या मिश्रणातील प्रत्येक वायूचा आंशिक दाब हा एकूण दाब व त्या वायूचे प्रमाण यांच्या गुणाकाराइतका असतो. पाणबुड्याला त्याच्या भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा पुरविली जाते. अन्यथा त्याला छाती फुगविणे शक्य होणार नाही. त्यामुळे हवेतील नत्रवायूचे प्रमाण ७८ टक्केच राहिले तरी त्याचा आंशिक दाब खोलीनुसार वाढत जातो. पुढील तक्त्यावरून हे स्पष्ट होईल.

तक्ता क्र. १ : खोली, दाब आणि सामान्यतः आढळणारी लक्षणे

| खोली (मीटर) | एकूण दाब (वातावरणे) | नत्रवायूचा आंशिक दाब | सामान्यतः आढळणारी स्थिती |
|---|---|---|---|
| ० | १ | ०.७८ | परिणाम नाही |
| १० | २ | १.५६ | व्यवहारतः परिणाम नाही |
| २० | ३ | २.३४ | सूक्ष्म चाचण्यांतच दिसणारा फरक |
| ३० | ४ | ३.१२ | सौम्य उल्हास, अतिआत्मविश्वास, विचारांत संथपणा |
| ५० | ६ | ४.६८ | आकडेमोडीत चुका, एकाच कल्पनेत अडकणे, प्रतिसादास विलंब |
| ७५ | ८.५ | ६.६३ | गोंधळ, स्मृतिदोष, गंभीर निर्णयदोष |
| ९० व अधिक | १० व अधिक | ७.८० व अधिक | भास, बेशुद्धीचा धोका |

सदर तक्त्यातील लक्षणे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. व्यक्तीनुसार आणि एकाच व्यक्तीत दिवसागणिक त्यांत फरक पडतो. ३० मीटर ही मर्यादाही सोयीसाठी मानलेली आहे; त्या बिंदूवर मेंदूत काही एकाएकी सुरू होते असे नाही. परिणाम दाबाबरोबर क्रमाक्रमाने वाढतो. पाणबुड्यांमध्ये 'दर दहा मीटरमागे मद्याचा एक पेला' असा एक गमतीचा नियम प्रचलित आहे. त्यास शास्त्रीय मोजमापाचा आधार नाही, परंतु परिणामाची जात कोणती आहे याची कल्पना त्यावरून येते.

५. कारणमीमांसा : मेद की प्रथिने?

रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असलेला वायू मेंदूवर परिणाम कसा करतो, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय. त्याचे पहिले समाधानकारक उत्तर भूलशास्त्रातून आले. हान्स मायर यांनी १८९९ मध्ये आणि चार्ल्स ओव्हरटन यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे असे दाखविले की, एखादा पदार्थ तेलात जितका अधिक विरघळतो तितकी त्याची भूल आणण्याची शक्ती अधिक असते. चेतापेशींभोवतीचे पटल मेदाचे बनलेले असल्याने हा संबंध सयुक्तिक वाटतो.

निष्क्रिय वायूंना हा नियम लावला असता उद्बोधक चित्र मिळते. हेलियमची तेलातील विद्राव्यता नत्रवायूच्या सुमारे एक चतुर्थांश आहे. ऑरगॉनची सुमारे दुप्पट, तर झेनॉनची सुमारे पंचवीस पट आहे. प्रत्यक्षातही हेलियममुळे गुंगी जवळपास येत नाही, ऑरगॉन नत्रवायूपेक्षा अधिक गुंगी आणतो आणि झेनॉन तर सामान्य वातावरणीय दाबाखालीच भूल देण्यासाठी वापरता येतो. १९५१ मध्ये मानवी शस्त्रक्रियेत त्याचा असा वापर झाल्याचे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ असा की, नत्रवायू हाही एक भुलीचाच पदार्थ आहे, मात्र अतिशय दुर्बल. उंदरांवरील प्रयोगांत त्याने पूर्ण भूल येण्यास ३० वातावरणांहून अधिक दाब लागतो. पाणबुडा त्या वाटेवरची केवळ पहिली काही पावले चालतो.

मायर-ओव्हरटन सिद्धान्ताला पूरक असे एक निरीक्षण १९५० मध्ये पुढे आले. मद्यार्काने गुंगी आलेले बेडकांचे डिंभ शंभराहून अधिक वातावरणांच्या जलदाबाखाली पुन्हा पोहू लागले. भुलीच्या पदार्थाने पेशीपटल किंचित फुगते आणि बाह्य दाबाने ते पूर्ववत होते, असा अर्थ त्यावरून लावला गेला.

तथापि केवळ मेदाच्या आधारे सर्व स्पष्टीकरण होत नाही. १९८४ मध्ये फ्रँक्स व लीब यांनी मेदाचा अंशही नसलेल्या, शुद्ध केलेल्या एका प्रथिनावर भुलीची औषधे थेट परिणाम करतात, असे दाखवून दिले. तेव्हापासून संशोधनाचा रोख चेतापेशींवरील ग्राही प्रथिनांकडे वळला. चेतापेशी एकमेकींशी रासायनिक संदेशांद्वारे संवाद साधतात. काही संदेश पुढील पेशीस उत्तेजित करतात, काही तिला रोखतात. 'गाबा' हा रोखणाऱ्या संदेशांपैकी प्रमुख होय. उंदरांच्या जातीतील प्राण्यांवरील प्रयोगांवरून उच्च दाबाचा नत्रवायू गाबाच्या ग्राहींशी निगडित यंत्रणेवर परिणाम करीत असावा, असे सूचित होते. तसेच मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचाली व प्रेरणा यांच्याशी संबंधित भागात डोपामिन या रसायनाचे स्रवण नत्रवायूमुळे घटते, असेही या प्रयोगांत आढळले आहे. वायू पटलातील मेदामध्ये साठतो आणि प्रथिनांच्या पोकळ्यांतही शिरतो; या दोहोंपैकी निर्णायक कोणते, हा वाद अद्याप पूर्णतः मिटलेला नाही.

मेंदूला रक्तपुरवठा विपुल असल्याने खोलीवर पोहोचल्यावर काही मिनिटांतच मेंदूतील नत्रवायूचे प्रमाण फुप्फुसांतील प्रमाणाशी जुळते. गुंगी झपाट्याने येते आणि वर आल्यावर झपाट्याने ओसरते, याचे कारण हेच होय.

६. मेंदूच्या विद्युत क्रियेतील बदल

गुंगी आल्याचे पाणबुडा स्वतः सांगू शकत नाही. म्हणून ती बाहेरून मोजण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू आहेत. मेंदूचा विद्युत आलेख म्हणजेच ईईजी हे त्यासाठीचे प्रमुख साधन होय. शांत, डोळे मिटलेल्या अवस्थेत आलेखावर अल्फा तरंग दिसतात. व्यक्तीने मनात आकडेमोड सुरू करताच अनेकांमध्ये हे तरंग दबतात. १९६१ मध्ये बेनेट व ग्लास यांनी असे दाखविले की, उच्च दाबाच्या हवेत काही वेळानंतर आकडेमोड करूनही अल्फा तरंग दबत नाहीत. आणि हा बदल होण्यास लागणारा वेळ दाबाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दाब दुप्पट झाला तर वेळ एक चतुर्थांश होतो.

दुसरी पद्धत उद्दीपित प्रतिसादांची आहे. कानावर टिचकीसारखा आवाज पडला की मेंदूत एक ठरावीक विद्युत लहर उमटते. नत्रवायूच्या प्रभावाखाली या लहरीची उंची कमी होते. अनपेक्षित उद्दीपकानंतर सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनी उमटणारी लहर विलंबाने येते. बाहेरून आलेल्या माहितीवर प्रक्रिया करण्याचा मेंदूचा वेगच मंदावतो, असा याचा अर्थ होतो.

तिसरी पद्धत साधी व पाण्याखालीही वापरता येण्याजोगी आहे. लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा वेग वाढवीत गेल्यास एका मर्यादेनंतर तो अखंड दिसू लागतो. ही मर्यादा मेंदूच्या सजगतेची निदर्शक मानली जाते. कोस्तान्तिनो बालेस्त्रा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३३ मीटर खोल गोड्या पाण्यात उतरलेल्या पाणबुड्यांमध्ये ही मर्यादा तळाशी पोहोचताच प्रथम वाढली आणि नंतर घटली. विशेष म्हणजे वर आल्यानंतर अर्ध्या तासानेही ती पूर्ववत झालेली नव्हती. शुद्ध प्राणवायू दिल्यावर ती सुधारली. 'वर आले की गुंगी संपली' ही समजूत काही प्रमाणात तपासून पाहावी लागेल, असे या अभ्यासावरून वाटते.

अलीकडे न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील फ्राइडाख आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. १२ व्यक्तींना दाबकक्षात सुमारे १८ मीटर व ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली आळीपाळीने हवा आणि हेलियम-प्राणवायू मिश्रण देण्यात आले. डोक्यावर ३२ ठिकाणी विद्युतलेखन करून मेंदूच्या विविध भागांतील क्रिया परस्परांशी किती जुळतात हे मोजण्यात आले. ५० मीटरइतक्या दाबाखाली हवा घेताना मेंदूच्या भागांतील ही कार्यात्मक जोडणी जमिनीवरील स्थितीच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी वाढली. हेलियम मिश्रणावर असा लक्षणीय बदल झाला नाही. म्हणजे केवळ दाब नव्हे, तर नत्रवायूच यास कारणीभूत आहे.

जोडणी वाढणे म्हणजे मेंदू अधिक कार्यक्षम होणे, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. वर्गातील प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्रपणे विचार करीत असेल तर उत्तरांत विविधता असते. सर्वांनी एकच घोषणा सुरू केली तर एकसूत्रता वाढते, परंतु विचार थांबतो. मेंदूतील भागांचे वेगळेपण कमी होऊन ते एकसारखे वागू लागणे हे गुंगीचे लक्षण असू शकते.

७. मानसिक कार्यांवरील परिणाम

सर्व मानसिक कार्ये सारख्याच प्रमाणात बाधित होत नाहीत. सर्वप्रथम व सर्वाधिक परिणाम तर्क, आकडेमोड आणि नव्या परिस्थितीत निर्णय घेणे या उच्च कार्यांवर होतो. त्यानंतर प्रतिसादाचा वेग मंदावतो. हातांचे कौशल्य तुलनेने उशिरा बाधित होते. त्यामुळे पाणबुडा सफाईने पोहत असतो, उपकरणे हाताळत असतो आणि बाहेरून पाहणाऱ्यास सर्व काही सुरळीत वाटते. त्याच वेळी टाकीत हवा किती उरली आहे याचा अर्थ त्याला लावता येत नसतो.

स्मृतीच्या बाबतीतही असाच भेद आढळतो. खोल पाण्यात शिकलेले शब्द कोणत्याही सूचनेविना आठवण्यास सांगितले असता चुका वाढतात. परंतु तेच शब्द समोर ठेवून 'हे पाहिले होते का' असे विचारल्यास उत्तरे बरीचशी बरोबर येतात.

गुंगीच्या भावनिक बाजूचाही विचार आवश्यक आहे. काहींना अकारण आनंद होतो, काहींना तीव्र भीती वाटते. अंधार, गार पाणी व अपुरी दृश्यता असल्यास भीतीचे प्रमाण अधिक असते. परंतु सर्वांत घातक लक्षण आनंद अथवा भीती हे नसून, आपली बुद्धी मंदावली आहे ही जाणीवच नष्ट होणे हे होय. ज्या अवयवाने चूक ओळखायची तोच अवयव बाधित झालेला असतो.

८. तीव्रता वाढविणारे घटक आणि सरावाचा भ्रम

शरीरात साठलेला कर्बद्विप्राणिद वायू गुंगी झपाट्याने वाढवितो. खोलीवर हवेची घनता वाढल्याने श्वसनास अधिक श्रम पडतात. पोहण्याची धडपड केल्यास हा वायू पुरेसा बाहेर टाकला जात नाही. याखेरीज थंडी, थकवा, अपुरी झोप, मद्यपान, गुंगी आणणारी औषधे, चिंता आणि अतिवेगाने खाली उतरणे हे घटकही परिणाम तीव्र करतात.

'सरावाने गुंगी येत नाही' असे अनेक अनुभवी पाणबुडे मानतात. संशोधनातून मात्र वेगळे चित्र दिसते. वारंवार खोलीवर गेल्याने गुंगी 'जाणवणे' कमी होते. प्रत्यक्ष चाचण्यांतील प्रतिसादाचा वेग व अचूकता यांत तेवढी सुधारणा होत नाही. एखादे विशिष्ट काम त्याच खोलीवर पुनःपुन्हा केल्यास ते काम अंगवळणी पडते, हे खरे. पण अनपेक्षित संकटात अंगवळणी पडलेले काम उपयोगी येत नाही. म्हणून सराव हा संरक्षण देतो त्यापेक्षा अधिक आत्मविश्वास देतो, असे म्हणावे लागते.

९. महाराष्ट्राच्या किनारपट्टीचा संदर्भ

महाराष्ट्रात हा विषय तीन भिन्न खोलींवर भेटतो.

(अ) तारकर्ली-मालवण : सिंधुदुर्ग जिल्ह्यात पर्यटकांसाठी होणारे प्राथमिक डायव्हिंग साधारणतः १० मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी खोलीवर होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंगच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्थाही उभारली आहे. इतक्या खोलीवर नायट्रोजनजन्य गुंगीची भीती बाळगण्याचे कारण नाही. तेथील खरे धोके वेगळे आहेत : श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांना होणारी इजा, खवळलेला समुद्र आणि प्रकृतीविषयीची माहिती लपविणे. सहलीतील विद्यार्थ्यांना हेच समजावून सांगणे महत्त्वाचे आहे.

(आ) आंग्रिया बँक : विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे जलमग्न प्रवाळ पठार आहे. त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. म्हणजे येथे प्रवाळांची व माशांची गणना करणारा संशोधक उतरताक्षणीच ३ वातावरणांच्या दाबाखाली असतो. पठाराच्या कडेला त्याहून अधिक. पाटीवर आकडे लिहिताना, जाती ओळखताना त्याची आकलनशक्ती किंचित मंदावलेली असू शकते. निरीक्षकाचा मेंदू हाही निरीक्षणाच्या उपकरणांपैकी एक आहे आणि त्याचेही अंशांकन करावे लागते, हा धडा सर्वच क्षेत्रीय संशोधनास लागू पडतो. छायाचित्रे व चित्रफिती घेऊन गणना जमिनीवर पडताळणे हा त्यावरील उपाय होय.

(इ) मुंबई हाय : मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये शोध लागलेल्या या तेलक्षेत्रात समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. तळाशी असलेल्या नळवाहिन्या व मंचांचे पाय यांची दुरुस्ती पाणबुड्यांकडून केली जाते. तक्त्यावरून दिसते की, या खोलीवर हवा घेतल्यास नत्रवायूचा आंशिक दाब जमिनीच्या साडेआठ पट होईल. जोडकाम वा झडपा उघडण्याचे काम अशा मनःस्थितीत करणे म्हणजे स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालणे होय. व्यावसायिक डायव्हिंगमध्ये हवेवर काम करण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ५० मीटर मानली जाते. त्यापलीकडे हेलियम-प्राणवायू मिश्रणावर, दाबकक्षात अनेक दिवस राहून संतृप्त डायव्हिंग केले जाते.

वैद्यकीय बाजूने पाहता, भारतीय नौदलाची सागरी वैद्यकाची संस्था मुंबईत कुलाबा येथे अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात आहे. १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झालेल्या 'निस्तार' या स्वदेशी बनावटीच्या जहाजावर ३०० मीटर खोलीपर्यंत संतृप्त डायव्हिंगची सोय आहे. एवढ्या खोलीवर हवेचा वापर कल्पनेतही शक्य नाही.

१०. प्रतिबंध व उपाय

गुंगीवर कोणतेही औषध उपलब्ध नाही. उपाय एकच : कमी खोलीवर येणे. प्रतिबंधासाठी पुढील बाबी आवश्यक आहेत.

१) प्रशिक्षणानुसार खोलीची मर्यादा पाळणे. मनोरंजनात्मक डायव्हिंगमध्ये प्राथमिक प्रमाणपत्रधारकासाठी १८ मीटर आणि अनुभवी पाणबुड्यासाठी कमाल ४० मीटर ही मर्यादा सर्वत्र प्रचलित आहे.

२) उतरण्यापूर्वीच कमाल खोली, वेळ आणि परत फिरण्याचा हवेचा दाब निश्चित करणे. निर्णय जमिनीवर घ्यावेत, पाण्याखाली केवळ त्यांचे पालन करावे.

३) जोडीदाराशिवाय न उतरणे व ठरलेल्या खुणांनी एकमेकांची सजगता तपासणे.

४) जोडीदाराचे वर्तन विसंगत वाटल्यास वाद न घालता त्यास हळूहळू वर आणणे.

५) अधिक खोलीसाठी हेलियमयुक्त मिश्रणे वापरणे.

हेलियमही सर्वस्वी निर्दोष नाही. १५० ते २०० मीटरच्या पलीकडे त्यावर वेगाने उतरल्यास हातांना कंप, मळमळ व विद्युत आलेखात संथ तरंगांची वाढ अशी लक्षणे दिसतात. ही अवस्था गुंगीच्या उलट म्हणजे चेतासंस्थेच्या अतिउत्तेजनाची आहे. ती कमी करण्यासाठी मिश्रणात थोडा नत्रवायू मुद्दाम घातला जातो. एका वायूची गुंगी आणि दाबाची उत्तेजना परस्परांना तोलतात, हे बेडकांच्या डिंभांवरील १९५० च्या निरीक्षणाचेच व्यावहारिक रूप होय.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण वाढवून गुंगी टाळता येईल का, हाही एक चर्चेचा मुद्दा आहे. प्राणवायू तेलात नत्रवायूपेक्षा अधिक विरघळतो. म्हणून तोही गुंगी आणीत असावा, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु ऑकलंड येथील याच गटाच्या विद्युतलेखन अभ्यासात २.८ वातावरणांपर्यंतच्या प्राणवायूने गुंगीशी जुळणारे बदल आढळले नाहीत. पेशी प्राणवायू सतत वापरीत असल्याने मेंदूतील त्याचा दाब तितका वाढत नसावा. तरीही अधिक प्राणवायू अधिक खोलीवर आकडी आणू शकतो. त्यामुळे हा मार्ग खोल जाण्यासाठी उपयोगाचा नाही.

११. मराठवाड्यातील विहिरी : एक आवश्यक भेद

आपल्या भागात गाळ काढण्यासाठी अथवा मोटार बसविण्यासाठी जुन्या विहिरीत उतरलेली व्यक्ती गुदमरून बेशुद्ध पडण्याच्या आणि तिला वाचविण्यासाठी उतरलेल्यांचाही बळी जाण्याच्या दुर्घटना घडतात. वर वर्णिलेली गुंगी आणि ही घटना यांत गल्लत होऊ नये. विहिरीतील मृत्यूचे कारण दाबाखालील नत्रवायू नसून प्राणवायूची कमतरता अथवा कर्बद्विप्राणिद, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड यांसारख्या वायूंचा साठा हे असते. पाण्याने भरलेल्या पन्नास फुटी विहिरीच्या तळाशीही दाब केवळ अडीच वातावरणांच्या आसपास असतो.

दिवा सोडून पाहण्याची जुनी पद्धत केवळ प्राणवायूची तीव्र कमतरता दाखविते. विषारी वायू ती ओळखत नाही आणि ज्वलनशील वायू असल्यास तिच्यापासून भडका उडण्याचा धोका असतो. म्हणून यांत्रिक वायुवीजन, कमरेला दोर, वर थांबलेली माणसे आणि दुर्घटना घडल्यास श्वसनयंत्राविना कोणीही आत न उतरणे, हेच नियम पाळावयास हवेत. दोन्ही घटनांत साम्य एवढेच की, धोक्यात सापडलेल्या माणसाला धोक्याची जाणीव होत नाही. त्याच्या सुरक्षिततेचा निर्णय बाहेर असलेल्या, सावध माणसाने घ्यावयाचा असतो.

१२. निष्कर्ष

१) नायट्रोजनजन्य गुंगी ही मानसिक दुर्बलता नसून वाढलेल्या आंशिक दाबाखाली नत्रवायूचा मेंदूवर होणारा भुलीसारखा भौतिक-जैविक परिणाम होय.

२) वायूची मेदातील विद्राव्यता व ग्राही प्रथिनांवरील क्रिया या दोन्ही अंगांनी त्याचे स्पष्टीकरण केले जाते, अंतिम यंत्रणा अद्याप निश्चित झालेली नाही.

३) मेंदूच्या विद्युत आलेखातील बदल, विशेषतः विविध भागांतील कार्यात्मक जोडणीतील वाढ, ही गुंगीचे वस्तुनिष्ठ मापन करण्याची आशादायक दिशा आहे.

४) उच्च मानसिक कार्ये प्रथम बाधित होतात व स्वतःच्या स्थितीची जाणीव लोपते. सरावाने ही जाणीव आणखी बोथट होते, क्षमता मात्र टिकत नाही.

५) महाराष्ट्रात पर्यटनाच्या खोलीवर हा धोका नगण्य, संशोधनाच्या खोलीवर विचारात घेण्याजोगा आणि तेलक्षेत्राच्या खोलीवर निर्णायक आहे.

नत्रवायूला निरुपद्रवी म्हणणारे पाठ्यपुस्तकातील विधान चुकीचे नाही. ते एका विशिष्ट दाबापुरते खरे आहे. कोणतेही शास्त्रीय विधान त्याच्या परिस्थितीसह शिकवावे लागते, ही बाब विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी प्रस्तुत विषय अध्यापकांना निश्चितच उपयुक्त ठरेल.